कच्ची वही, पक्की वही

नमस्कार ताई,
मी कोल्हापुरात सहा जणांच्या टीमची लीड आहे, चारच महिने झाले. दूध संस्थांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो: फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दरपत्रक, दहा दिवसांचं बिल. कोड गिटहबवर आहे, म्हणजे गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या सर्व्हरवर. प्रत्येकाची वेगळी चाललेली ब्रांच (कामाची शाखा) मुख्य कोडमध्ये मिसळायची, म्हणजे मर्ज कसा करायचा, यावरून रोज धुसफूस चालते. आमच्यात सगळ्यात अनुभवी असलेले दादा म्हणतात, सगळं रिबेस करा (आपले बदल ताज्या मुख्य कोडवर नव्याने रचा), हिस्टरी, म्हणजे बदलांची नोंद, सरळ रेषेत हवी. दोघींना रिबेसची भीती वाटते, त्यांना साधा मर्ज हवा. नव्या मुलाने आधीच्या कंपनीत स्क्वॉश (सगळ्या बदलांची एकच नोंद करणं) बघितलंय, तो तेच धरून बसलाय. मी आजवर कुणालाच काही बोलले नाही, ज्याला जे बटण पटेल ते तो दाबतो. बारा दिवसांपूर्वी दादांनी त्यांची आणि नव्या मुलाची मिळून चाललेली दराची ब्रांच रिबेस करून फोर्स पुश केली, म्हणजे सर्व्हरवरच्या ब्रांचच्या जागी जबरदस्तीने बसवली. नव्या मुलाचे तीन कमिट (नोंदवलेले बदल) सर्व्हरवरून गेले. घाबरून त्याने हार्ड रीसेट मारलं आणि त्याच्याकडूनही गेले. दोन दिवसांचं काम तो पुन्हा लिहितोय. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. यातली बरोबर पद्धत कोणती? आणि माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला मी नियम कसा सांगू?
एक टीम लीड, कोल्हापूर

नमस्कार,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला मेल केला होता, कारण त्यातली एक गोष्ट उत्तर छापून येईपर्यंत थांबणारी नव्हती. ती इथे पुन्हा लिहिते. ही पाळी कुणावरही येते, आणि आलेल्या माणसाला त्या क्षणी काही सुचत नाही.

एकदा केलेला कमिट गिट सहजासहजी पुसत नाही. हार्ड रीसेटने ब्रांचचं नाव उचलून दुसऱ्या कमिटवर ठेवलं जातं, एवढंच. जुने कमिट त्याच मशीनवर पडून असतात, फक्त त्यांच्यापर्यंत नेणारं नाव उरलेलं नसतं. आपण कुठल्या कमिटवरून कुठे गेलो याची रोजनिशी गिट प्रत्येकाच्या मशीनवर ठेवतं, तिला रीफ्लॉग म्हणतात. ज्या लॅपटॉपवर ते कमिट केले होते त्याच लॅपटॉपवर 'गिट रीफ्लॉग' चालवायचं, यादीत आपला कमिट मेसेज शोधायचा, त्याच्यासमोरचा हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) घ्यायचा आणि त्या हॅशवर एक नवी ब्रांच काढायची. बस, काम परत हातात. मूळ सेटिंग्ज कुणी बदलल्या नसतील तर अशा निराधार झालेल्या नोंदी 30 दिवस टिकतात. तुमचे 12 गेले होते, म्हणून मेलची घाई केली. कमिट न केलेले बदल मात्र हार्ड रीसेटमध्ये खरोखरच जातात. 'गिट ॲड' (बदल कमिटसाठी तयार ठेवणं) केलेलं असेल तर 'गिट एफएससीके' मधून कधी कधी फाइलचे तुकडे सापडतात, पण त्यावर विसंबू नये.

दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला, तिन्ही कमिट मिळाले. वाचून फार बरं वाटलं. आता निवांतपणे मूळ प्रश्नाकडे येऊ.

कोणती पद्धत बरोबर असं तुम्ही विचारलंत. मी तुम्हाला उलट विचारते: तुमच्या मेन, म्हणजे मुख्य ब्रांचची हिस्टरी कोण वाचतं, आणि कधी वाचतं?

सकाळचे साडेसहा वाजलेत असं धरा. केंद्रावर रांग लागलीय, लोक किटल्या घेऊन उभे आहेत. संस्थेचे सचिव फोनवर सांगतात की कालपर्यंत बरोबर होतं, आज म्हशीच्या दुधाला दर कमी लागतोय. तुमच्यातलं कुणीतरी, अर्धवट झोपेत, लॅपटॉप उघडतं. एसएनएफ 8.96 आलं तर दरपत्रकात 8.9 ची ओळ बघायची की 9.0 ची, एवढ्याशा फरकाने बिल बदलतं, आणि तो फरक गेल्या दोन आठवड्यांत कुणीतरी कोडमध्ये आणलाय. कुणी, कुठल्या कमिटमध्ये, कशासाठी? हिस्टरीचा खरा वाचक हा आहे. ती सुंदर दिसते का, सरळ रेषेत आहे का, हे त्याच्या गावीही नसतं. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: बिघडवणारा बदल पटकन सापडावा, तो का केला होता ते तिथेच लिहिलेलं असावं, आणि तो एकटाच काढून टाकता यावा. तुमच्या टीममधलं प्रत्येक मत या तीन गोष्टींवर घासून बघा.

मी हे पोथीतलं सांगत नाही. एका जुन्या नोकरीत आमच्याकडे असाच राउंडिंगचा घोळ झाला. शेवटच्या चांगल्या आवृत्तीपासून साधारण दोनशे कमिट झाले होते. मी 'गिट बायसेक्ट' लावलं. ते दर वेळी उरलेल्या कमिट्सच्या मधोमध नेऊन उभं करतं, आपण टेस्ट करून चांगलं की वाईट एवढं सांगायचं. दोनशे कमिट म्हणजे जास्तीत जास्त आठ वेळा. वीस मिनिटांत उत्तर आलं. तो एक स्क्वॉश केलेला कमिट होता. त्यात त्रेचाळीस फाइली होत्या आणि मेसेज होता 'अनेक सुधारणा'. पाच आठवडे चाललेली ब्रांच कुणीतरी एका ढेकळात बदलून मेनमध्ये टाकली होती. त्या ढेकळात चूक शोधायला मला संध्याकाळ झाली. तो कमिट काढूनही टाकता येईना, कारण त्यातल्या बाकीच्या बेचाळीस फाइली लोक वापरत होते.

त्यानंतर मी स्क्वॉशच्या विरोधात गेले असेन असं तुम्हाला वाटेल. नाही गेले. चूक स्क्वॉशची नव्हती, पाच आठवड्यांच्या ब्रांचची होती. तीच ब्रांच साध्या मर्जने आली असती तर आत 'फिक्स', 'परत फिक्स', 'आता नक्की चालेल' असे साठ कमिट मिळाले असते, त्यातले निम्मे बिल्डसुद्धा न होणारे. बायसेक्टला असे अर्धवट कमिट आडवे आले की वीस मिनिटांचे दोन तास होतात.

आपल्याकडे हिशेबाची कच्ची आणि पक्की वही वेगळी असते. दिवसभर कच्च्या वहीत खाडाखोड चालते, पक्क्या वहीत तपासलेली नोंद जाते. तुमची फीचर ब्रांच (एका कामापुरती काढलेली) ही कच्ची वही, मेन ही पक्की. तुमच्या टीमचा सगळा वाद कच्च्यातून पक्क्यात नोंद कशी उतरवायची याचा आहे. साधा मर्ज कच्ची पानंच पक्क्या वहीला जोडून देतो आणि कुठे जोडली त्याची खूण म्हणून दोन पालक (लगेच आधीचे कमिट) असलेला एक मर्ज कमिट ठेवतो. स्क्वॉश सगळ्याची एकच नोंद करून उतरवतो. रिबेस कच्च्या नोंदी एकेक करून, जणू आजच केल्यात अशा, नव्याने लिहून काढतो. नव्याने लिहिलं की पालक कमिट बदलतो, आणि पालक बदलला की कमिटचा हॅशही बदलतो. मजकूर तोच असला तरी गिटच्या लेखी तो वेगळा कमिट असतो. त्या मुलाचं काम नेमकं इथे गेलं: त्याचे कमिट जुन्या हॅशवर उभे होते, आणि दादांनी सर्व्हरवर नव्या हॅशची ब्रांच आणून ठेवली, तीही त्याचे तीन कमिट आधी ओढून न घेता.

आता माझं मत. तुमच्यासारख्या सहा जणांच्या टीमने फीचर ब्रांच स्क्वॉश करूनच मेनमध्ये आणावी. पण ब्रांच दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगू द्यायची नाही, ही अट त्याला जोडूनच घ्या. एक पुल रिक्वेस्ट (ब्रांच मेनमध्ये घ्या अशी गिटहबवरची विनंती) म्हणजे एक बदल. 'एसएनएफचे दशांश कापायची पद्धत' ही एक, 'बिलाच्या छपाईत संस्थेचा शिक्का' ही दुसरी, दोन्ही एकाच रिक्वेस्टमध्ये आल्या तर परत पाठवा. मग साडेसहा वाजता उठलेल्या माणसाला मेनवर एका ओळीत एक बदल दिसतो, त्याचं कारण मेसेजमध्ये मिळतं, आणि एका रिव्हर्टमध्ये तो काढता येतो. काम खरंच मोठं असेल तर त्याचे तुकडे करून मेनमध्ये आणा आणि पूर्ण होईपर्यंत सेटिंगमागे बंद ठेवा.

रिबेस कुणी सोडायचा नाही. दादा त्याच्याबद्दल जे सांगतात त्यातलं बरंच खरं आहे. स्वतःच्या, दुसऱ्या कुणी हात न लावलेल्या ब्रांचवर रोज सकाळी मेन घेऊन रिबेस करणं ही उत्तम सवय आहे. कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांनी केलेले, एकमेकांना भिडणारे बदल) थोडे थोडे आणि ताजे असताना सुटतात. ज्या दोघींना भीती वाटते त्यांना सांगा की रिबेस मध्येच फसला तर 'गिट रिबेस --अबॉर्ट' ने होतो तसा परत जाता येतं, आणि संपल्यावर पश्चात्ताप झाला तरी रीफ्लॉग आहेच. त्यांच्या मशीनवर 'रेरेरे' चालू करून द्या. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट तसाच पुन्हा आला तर गिट आधीचं उत्तर स्वतःच लावतं. एकमेव बंधन हे: जी ब्रांच दुसऱ्याने ओढून घेतलीय आणि तिच्यावर काम चालू केलंय, तिचा रिबेस नाही. दोघं एका ब्रांचवर असतील तर तिथे मेन साध्या मर्जने आत घ्या. शेवटी स्क्वॉश होणारच आहे, ते मर्ज कमिट मेनवर दिसणारसुद्धा नाहीत. स्वतःच्या ब्रांचवर फोर्स पुश करायची वेळ आलीच तर '--फोर्स-विथ-लीज' वापरा. सर्व्हरवरची ब्रांच आपण शेवटची पाहिली त्यानंतर कुणी पुढे नेली असेल तर ते पुश नाकारतं. त्या दिवशी दादांनी साध्या फोर्सऐवजी हे वापरलं असतं तर बहुतेक तिथेच अडलं असतं. बहुतेक म्हणते, कारण एडिटर मागच्या मागे फेच करत असेल, म्हणजे सर्व्हरवरचे नवे कमिट आणून ठेवत असेल, तर गिटला वाटतं की तुम्ही नवे कमिट पाहिलेत, आणि ते पुश होऊ देतं.

स्क्वॉशचे खड्डे मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणेल की बघा, हे पण बिघडलं. स्क्वॉश झालेली ब्रांच संपली, तिच्यावर पुढचं काम करायचं नाही. तिचे मूळ कमिट मेनमध्ये आलेलेच नसतात, त्यांचा सारांश आलेला असतो. पुढे चालू ठेवली तर आपलेच बदल आपल्याशी भांडायला लागतात. याच कारणाने मशीनवरची ब्रांच छोट्या '-डी' ने पुसायला गेलं की ती मर्ज झालेली नाही अशी तक्रार येऊ शकते, मुलं घाबरतात. मेनमध्ये बदल आलाय ना ते बघून मोठा डी वापरायचा. आणि एका ब्रांचवर दुसरी ब्रांच काढलेली असेल, पहिली स्क्वॉश होऊन गेली, तर दुसरीला 'गिट रिबेस --ऑन्टू' ने उचलून मेनवर ठेवावं लागतं. हे काम दादा डोळे मिटून करतील, त्यांच्याकडून सगळ्यांना शिकून घ्या.

तुम्ही मेलमध्ये ओझरतं लिहिलंय की संस्थांना जी आवृत्ती जाते तिची रिलीज ब्रांच वेगळी असते आणि तातडीची दुरुस्ती तिच्यावरच होते. इथे स्क्वॉश अजिबात नको. ज्या दोन ब्रांच कायम जगणार आहेत आणि पुन्हा पुन्हा एकमेकींत मिसळणार आहेत, त्यांच्यात खरा मर्जच हवा. मर्ज करताना गिट दोन्हींचा शेवटचा समान पूर्वज शोधतं आणि तिथून पुढे कुणी काय बदललं ते ताडतं. खऱ्या मर्जने तो पूर्वज दर वेळी पुढे सरकतो. स्क्वॉशने तो जिथल्या तिथे राहतो, म्हणून मागच्या महिन्यात सोडवलेले कॉन्फ्लिक्ट या महिन्यात पुन्हा समोर येऊन बसतात. दर रिलीजला हा त्रास काढणाऱ्या टीम मी पाहिल्यात. त्यांना वाटतं की आपला कोडच गुंतागुंतीचा आहे. तेव्हा रिलीजवरची दुरुस्ती मेनमध्ये मर्ज कमिटनेच आणा.

आणि असा मर्ज कधी मागे घ्यावा लागला तर एक लक्षात ठेवा. मर्ज कमिट रिव्हर्ट करताना मुख्य पालक कुठला ते '-एम 1' देऊन सांगावं लागतं. त्यानंतर चूक दुरुस्त करून तीच ब्रांच पुन्हा मर्ज केली की जुने बदल परत येत नाहीत, कारण गिटच्या हिशेबी ते कमिट आधीच आत आलेले आहेत. आधी त्या रिव्हर्टचा रिव्हर्ट करायचा, मग मर्ज. हे माहीत नसताना रात्री अकरा वाजता 'माझा कोड कुठे गेला' म्हणून शोधत बसलेली माणसं मी पाहिलीत, त्यांत एकदा मी स्वतः होते.

दादा कदाचित म्हणतील की मोठे प्रोजेक्ट सरळ रेषेतच चालतात. काही चालतात. एलएलव्हीएम हा कंपायलरचा प्रकल्प 2019 मध्ये गिटहबवर आला तेव्हापासून त्याच्या मेनवर मर्ज कमिटला जागा नाही. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नेमका उलटा. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये गिट लिहिलं तेच कर्नलसाठी, आणि तिथे दर नऊ-दहा आठवड्यांच्या चक्रात पहिले दोन आठवडे निरनिराळे मेंटेनर (एकेका भागाची जबाबदारी असलेले) आपापल्या ब्रांच पाठवतात आणि टोरवाल्ड्स त्या मर्ज करतात. तिथे मर्ज कमिट म्हणजे कुणाच्या जबाबदारीवर काय आत आलं याची सही आहे. दुसऱ्यांनी ज्याच्यावर काम उभं केलंय त्याचा रिबेस करू नका, हे तर कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. हजारो लोक आणि शेकडो मेंटेनर असलेल्यांना ती गरज आहे. सहा जणांनी, एकाच खोलीत बसून, तिची नक्कल करू नये.

नियम ठरला की तो बटणातच बसवा, माणसांच्या आठवणीवर सोडू नका. गिटहबच्या रिपॉझिटरी सेटिंग्जमध्ये तीन खुणा आहेत: मर्ज कमिट, स्क्वॉश, रिबेस. रिबेसची खूण काढा. बाकी दोन ठेवा, एक रोजच्या कामाला आणि एक रिलीजला. मेन आणि रिलीज, दोन्हींवर फोर्स पुश बंद करा. 'लिनियर हिस्टरी सक्तीची' ही खूण करू नका, नाहीतर रिलीजचा मर्ज अडेल. स्क्वॉशच्या मेसेजमध्ये पुल रिक्वेस्टचं शीर्षक आणि वर्णन आपोआप जावं अशी निवड आहे, ती घ्या, म्हणजे वर्णन नीट लिहिण्याला अर्थ येतो. मर्ज झालेली ब्रांच सर्व्हरवरून आपोआप पुसली जाऊ द्या. मर्जआधी ब्रांच मेनच्या बरोबरीला आणून टेस्ट चालायलाच हवी, अशीही खूण आहे. ती जरूर लावा. एकाने दर काढणाऱ्या फंक्शनचं नाव बदललं आणि त्याच दिवशी दुसऱ्याने जुन्या नावाने ते वापरणारी नवी ओळ लिहिली, तर गिट एकही कॉन्फ्लिक्ट न दाखवता दोन्ही मर्ज करतं, आणि मेन मोडतं. ही चूक कुठलीच मर्ज पद्धत पकडत नाही, टेस्टच पकडते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला वाटतं पत्र तुम्ही त्याच्यासाठीच लिहिलंत.

मतदान घेऊ नका. मत घेतलंत तर हरलेल्यांच्या मनात ते राहतं आणि नियम तुमचा न राहता बहुमताचा होतो. चार महिने तुम्ही गप्प राहिलात, त्याची किंमत त्या मुलाने दोन दिवसांनी मोजली. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. लीड झाल्यावर पहिले काही महिने सगळ्यांचं असंच होतं, माझंही झालं होतं. पण आता निर्णय तुमचा, आणि तो तुमच्या तोंडून यावा.

आधी दादांना एकट्याला भेटा, मीटिंगमध्ये नको. नियम वाचून दाखवण्याआधी त्यांना विचारा की सरळ हिस्टरीचा त्यांचा आग्रह कशातून आला. पंधरा वर्षं जास्त काम केलेल्या माणसाने कधीतरी गुंत्यात हात घालून रात्र काढलेली असते, ते ऐकून घ्या. मग सांगा: "दादा, मेन सरळच राहणार आहे, तुम्हाला हवी तशी. एक बदल, एक ओळ. तेवढं शेअर केलेल्या ब्रांचवर रिबेस आणि फोर्स पुश आजपासून कुणीच करायचा नाही, तुम्ही नाही आणि मीही नाही." हे म्हणताना पुढे 'तुम्हाला चालेल ना?' जोडू नका. त्यांना मान द्यायचा तो ऐकून घेण्यात द्या, नियम सैल करण्यात नको. मेसेज कसा लिहायचा त्याचा अर्ध्या पानाचा नमुना त्यांनाच लिहायला सांगा. ज्याला नीटनेटकेपणाची इतकी चाड आहे त्याच्याइतका चांगला तो दुसरा कुणी लिहिणार नाही.

त्या मुलाशीही बोला. घाबरून हार्ड रीसेट मारला म्हणून त्याला रागावू नका, पण पुढच्या वेळी हात थरथरला की काहीही चालवण्याआधी एक नवी ब्रांच काढून ठेवायची आणि कुणाला तरी हाक मारायची, एवढं शिकवा.

आणि ते सापडलेले तीन कमिट अजून त्याच्या वेगळ्या ब्रांचवरच आहेत, दराच्या ब्रांचवर गेलेले नाहीत, असं तुम्ही कळवलंत. दादांच्या नव्या हॅशवर ते चेरी-पिक करावे लागतील, म्हणजे एकेक उचलून लावावे लागतील, आणि दशांशाच्या फाइलीत कॉन्फ्लिक्ट येईल असं मला दिसतंय, कारण दोघांनी तिथेच हात घातलाय. हे काम दोघांना एका मशीनवर बसवून द्या. कीबोर्ड मुलाकडे, दादा शेजारी.